बॅकअप चालू असताना कॉम्प्युटर हँग होऊ नये म्हणून काय काय करायचं

मागच्या लग्नसराईत दुपारी तीनच्या सुमारास मी एका लग्नाचं तीनशे जीबीचं शूटिंग बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकायला लावलं आणि नेमके तेव्हाच एक काका पत्रिकेचं प्रूफ घेऊन आले, नवऱ्यामुलाच्या नावात वेलांटी चुकली होती, पहिली पाहिजे होती तिथे दुसरी पडलेली. दहा सेकंदाचं काम. पण फाइल उघडायला गेलो तर स्क्रीन पांढरी, वर "नॉट रिस्पॉन्डिंग", माऊसचा गोल फिरतोय, काका खुर्चीत बसून पंख्याकडे बघतायत. वैतागून कॉपी कॅन्सल केली तर ती कॅन्सल व्हायलासुद्धा मिनिटभर घेतलं. त्या दिवसानंतर मी हा विषय जरा मनावर घेतला, आणि आता बॅकअप चालू असताना त्याच मशीनवर आरामात डीटीपी करतो. मशीन तेच आहे, आय थ्री, आठ जीबी रॅम, आत एक टीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. नवीन काही घेतलं नाही (पुढे एक केबल सोडून, ते सांगतो).

आधी बघा अडकतंय कुठे

कॉम्प्युटर स्लो झाला की लोक प्रोसेसरला शिव्या घालतात नाहीतर रॅम वाढवायला जातात. बॅकअपच्या वेळी नव्वद टक्के वेळा दोष त्यांचा नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि डावीकडे एकेक बघा. माझ्याकडे सीपीयू १२ टक्के होता आणि डिस्क झिरो पुढे ऍक्टिव्ह टाइम १००. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कपुढे रांग लागलीये. तुम्ही क्लिक केलं की विंडोजला त्याच डिस्कवरून काहीतरी वाचायचं असतं, आणि ते वाचन बॅकअपच्या रांगेत मागे उभं राहतं.

तिथूनच रिसोर्स मॉनिटरची लिंक असते, ती उघडून डिस्क टॅबवर गेलं की कुठला प्रोग्राम कुठली फाइल वाचतोय ते नावानिशी दिसतं. हे एकदा बघाच, कारण कधीकधी गुन्हेगार बॅकअप नसतोच, अँटीव्हायरसचं स्कॅन नाहीतर विंडोजचं अपडेट त्याच वेळी चाललेलं असतं आणि आपण उगाच कॉपीला दोष देत बसतो.

फिरत्या डिस्कचं गणित साधं आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हेड (म्हणजे डिस्कवर वाचणारी-लिहिणारी सुई) योग्य जागी सरकायला आणि हवा तो भाग फिरून खाली यायला मिळून सरासरी १२-१३ मिलिसेकंद धरा, म्हणजे वेगवेगळ्या जागी ऐंशीएक उड्या मारल्या की सेकंद संपला. एकाच मोठ्या फाइलीत सरळ वाचत गेली तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. उड्या मारायला लावलं की मेली. यापुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं एकतर उड्या कमी करण्यासाठी किंवा बॅकअपला रांगेत शेवटी उभं करण्यासाठी आहे.

डी वरून ई वर टाकणं हा बॅकअप नव्हे

हे आधी सांगतो कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच असतं. सी, डी, ई ही तीन ड्राइव्ह दिसतात पण आत डिस्क एकच, फक्त तिचे पार्टिशन पाडलेत. डी वरून ई वर कॉपी लावली की तेच हेड इकडून वाचणार, तिकडे जाऊन लिहिणार, परत इकडे येणार. स्पीड पार झोपतो, मशीन हँग होतं, आणि डिस्क गेली की मूळ माल आणि बॅकअप दोन्ही बरोबरच जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क झिरोच्या खाली कंसात सी, डी, ई एकत्र दिसत असतील तर समजा की एकच आहे. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो बाहेरच्या.

आणि विंडोज जर एसएसडीवर (चिपवाली, न फिरणारी डिस्क) असेल आणि डेटा फिरत्या डिस्कवर, तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. बजेट असेल तर हाच एक खर्च मी सुचवेन, कारण एसएसडीत हेड नाही, उड्या नाहीत, कॉपी चालू असली तरी विंडोजला आपलं वाचायला जागा मिळते.

पोर्ट आणि केबल

हसू नका, माझी निम्मी अडचण इथेच होती. बाहेरची डिस्क मी पुढच्या पोर्टला लावायचो कारण वाकायला लागत नाही, आणि पुढचे दोन्ही पोर्ट यूएसबी २ चे. यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी. तीनशे जीबीला अडीच तास लागतात मग. तीच डिस्क मागे निळ्या पट्टीच्या यूएसबी ३ पोर्टला लावली तर शंभर एमबीच्या आसपास, म्हणजे पाऊण तास ते तास. निळा रंग सगळ्याच कंपन्या पाळत नाहीत, पोर्टशेजारी एसएस असं कोरलंय का बघा. केबल पण तशीच पाहिजे, माझी मूळ केबल हरवली होती आणि मी जुन्या कुठल्यातरी डिस्कची केबल वापरत होतो जी यूएसबी २ चीच होती, ती बदलली. हब मध्ये घालू नका, सरळ मशीनला लावा.

कोणी म्हणेल की स्पीड वाढवून हँग होणं कसं कमी होईल, तर लवकर संपलं की खोळंबा लवकर संपतो एवढंच. पण ते एवढंच पण बरंच असतं.

बारक्या फाइली

गिरणीत एक माणूस दहा किलोचा एक डबा घेऊन आला तर गिरणीवाला डबा ओततो आणि पीठ पडेपर्यंत मोकळा. तेच दहा किलो दोनशे पुड्यांतून आणलं तर प्रत्येक पुडी सोडा, ओता, पुन्हा बांधा, मागची सगळी रांग तुमच्या नावाने बोटं मोडणार. माझ्याकडे पत्रिकांचा एक फोल्डर आहे, वर्षानुवर्षांच्या बॉर्डर, गणपती, क्लिपआर्ट, छोटे छोटे जेपीजी, चाळीस हजार फाइली आणि सगळं मिळून सव्वा जीबी. सव्वा जीबीचा एक व्हिडिओ बारा-तेरा सेकंदात जातो. या फोल्डरला प्रत्येक फाइलीमागे दोनच उड्या धरल्या तरी ऐंशी हजार उड्या, सेकंदाला ऐंशी, म्हणजे हजार सेकंद, सतरा मिनिटं. आणि ती सतरा मिनिटं मशीन ठार.

यावर उपाय म्हणजे जो फोल्डर रोज बदलत नाही त्याचा एक गठ्ठा करून टाका. सेव्हन झिप फुकट आहे, फोल्डरवर राइट क्लिक, ऍड टू अर्काइव्ह, आणि कॉम्प्रेशन लेव्हलला "स्टोअर" निवडा. अल्ट्रा निवडू नका. जेपीजी आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते अजून दबत नाहीत, उलट प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि अल्ट्रामध्ये रॅमही भरपूर खातो, आठ जीबीच्या मशीनला ते झेपत नाही. स्टोअर म्हणजे नुसतं पोतं भरणं. पोतं भरताना डिस्कला त्याच चाळीस हजार फाइली वाचाव्या लागतातच, ती सुटका नाही, पण ते एकदाच, रात्री जेवायला जाताना लावायचं. नंतर दर वेळी एकच मोठी फाइल जाते, आणि बदलली नसेल तर तीही जात नाही.

दर वेळी सगळं कॉपी करू नका

एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून टाकायचा आणि "रिप्लेस ऑल" दाबायचं, ही सवय सोडा, कारण मग न बदललेल्या पंचाण्णव टक्के फाइलीसुद्धा परत जातात. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचं हत्यार आहे, ते न बदललेल्या फाइली सोडून देतं, व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये असतं, वेगळं टाकावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट बघून घाबरायचं कारण नाही, एकदा नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून बॅच फाइल (नावाच्या शेवटी .bat) करून ठेवायची, नंतर डबल क्लिक.

ओळ अशी, अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: आधी रोबोकॉपी, मग जिथून घ्यायचं तो फोल्डर, मग जिथे टाकायचं तो फोल्डर (नावात स्पेस असेल तर दोन्हीकडे अवतरणचिन्हं), मग स्लॅश ई, म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामे धरून. मग स्लॅश जे. मग स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५.

शेवटचे दोन विसरू नका. एखादी फाइल उघडी असली किंवा खराब झाली की रोबोकॉपी परत प्रयत्न करतो, आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर दहा लाख वेळा, प्रत्येक प्रयत्नाच्या मध्ये तीस सेकंद थांबून. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा रात्रभर एकाच फाइलवर धरणं धरून बसला होता. आर १ म्हणजे परत एकदाच बघ, डब्ल्यू ५ म्हणजे पाच सेकंद थांब, नाही जमलं तर पुढे चल.

स्लॅश जे मोठ्या फाइलींसाठी. एरवी कॉपी करताना विंडोज फाइलीचा माल रॅममध्ये साठवत जातो, तुम्हाला तो परत लागेल या आशेने, आणि त्यापायी तुमचे उघडे प्रोग्राम रॅममधून बाहेर ढकलले जाऊ शकतात, मग त्यांच्यावर परत आलात की ते पुन्हा डिस्कवरून उचलायचे, जी डिस्क आधीच बिझी. स्लॅश जे दिलं की हे साठवणं बंद. शूटिंगच्या फोल्डरला मी हे देतो, बारक्या फाइलींच्या फोल्डरला देत नाही.

स्लॅश एमटी नावाचा एक स्विच, म्हणजे ओळीत जोडायचा पर्याय, सगळीकडे सांगतात, एका वेळी आठ-आठ फाइली कॉपी करतो म्हणून फास्ट. एसएसडी ते एसएसडी असेल तर जरूर. फिरत्या डिस्कवर मशीन वापरायचं असेल तर अजिबात नको, आठ जण एकदम वेगवेगळ्या कोपऱ्यांत उड्या मारायला लावणार. त्याऐवजी उलटं करा, स्लॅश आयपीजी कोलन आणि पुढे एक छोटा आकडा, तो मिलिसेकंदात असतो, कॉपीच्या तुकड्यांमध्ये तेवढी उसंत घेतली जाते. मुळात स्लो नेटवर्कसाठी बनवलंय पण लोकल कॉपीलाही चालतं. ५ पासून सुरू करा, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क ऐंशी टक्क्यांखाली आली की तिथेच थांबा. एमटी आणि आयपीजी एकत्र चालत नाहीत, आणि आयपीजी लावल्यावर "किती स्लो झालंय" म्हणून तक्रार करायची नाही, तेच तर पाहिजे होतं.

आणि एमआयआर. स्लॅश एमआयआर म्हणजे आरसा, इकडे जे नाही ते तिकडूनही उडवणार. दोन फोल्डरची नावं उलटी पडली तर रिकामी बॅकअप डिस्क तुमच्या भरलेल्या फोल्डरचा आरसा करून टाकेल, म्हणजे भरलेला फोल्डर रिकामा. आधी एकदा ओळीच्या शेवटी स्लॅश एल लावून चालवा, मग तो काही करत नाही, काय करणार आहे ते नुसतं वाचून दाखवतो.

रांगेत शेवटी उभं करायचं

माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन प्रोसेसवर राइट क्लिक करून प्रायॉरिटी लो करा असं सांगणारे बरेच भेटतात. त्याने प्रोसेसरची प्रायॉरिटी कमी होते, पण प्रोसेसर तर आधीच रिकामा होता! डिस्कच्या रांगेची प्रायॉरिटी वेगळी असते, तीही व्हिस्टापासूनच आहे, फक्त तिला हात लावायचं बटण विंडोजने समोर ठेवलेलं नाही.

मागच्या दाराने जायचं. टास्क शेड्युलर (ठरवलेली कामं आपोआप सुरू करणारा विंडोजचाच प्रोग्राम) उघडा, क्रिएट टास्क, नाव द्या, ऍक्शन्समध्ये मघाची बॅच फाइल निवडा, ओके. टास्क शेड्युलरमधून सुरू झालेलं काम डिफॉल्टने ७ नंबरच्या प्रायॉरिटीने चालतं, त्यात प्रोसेसर आणि डिस्क दोन्हीकडे त्याचा नंबर खालचा असतो. सर्व्हर सांभाळणारे लोक याच्यावरच चिडतात, शेड्युलरमधून कॉपी लावली की रडतखडत चालते म्हणून, आणि तो आकडा बदलून घेतात. आपल्याला रडतखडतच पाहिजे. ट्रिगर, म्हणजे कधी सुरू व्हायचं ती वेळ, द्यायची पण गरज नाही, पाहिजे तेव्हा टास्कवर राइट क्लिक करून रन. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये आय ओ प्रायॉरिटीचा कॉलम असतो, तिथे बघून खात्री करून घ्या.

लॅपटॉप असेल तर कंडिशन्स टॅबमध्ये "एसी पॉवरवर असेल तरच" अशा अर्थाची टिक आधीच असते, ती राहू द्या. तिथेच आयडलची (मशीन रिकामं असण्याची) अट पण आहे, मशीन दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की सुरू आणि माऊस हलवला की बंद. ज्यांना काहीच बघायचं नाही त्यांच्यासाठी मस्त, मला नाही आवडत, कारण गिऱ्हाईक येत-जात असतं आणि काम कधी पुरं झालं ते कळत नाही.

हे सगळं किचकट वाटत असेल तर फास्टकॉपी नावाचा जपानी प्रोग्राम आहे, त्यात स्पीडची एक सरकपट्टी आहे, कॉपी चालू असतानाच ती मागेपुढे करता येते, काका आले की मागे ओढायची, गेले की पुढे. ऑफिसकामाला वापरणार असाल तर लायसन्सच्या अटी वाचून घ्या. आणि यातलं काहीच नको असेल तरी विंडोज ८ पासून कॉपीच्या खिडकीत दोन उभ्या रेघांचं पॉजचं बटण आहे, मला ते कॅन्सल करून झाल्यावर दिसलं. तीन-चार कॉप्या एकदम लावल्या असतील तर एक सोडून बाकीच्या पॉज करा, एकामागून एक केल्या तर एकूणही लवकर होतात.

अँटीव्हायरस बंद करा असं मी सांगणार नाही, पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या धंद्यात तर मुळीच नाही. फक्त त्याचं ठरलेलं फुल स्कॅन आणि तुमचा बॅकअप एका वेळी येऊ देऊ नका.

सुरुवातीला पळते, मग रांगते

बाहेरच्या छोट्या पोर्टेबल डिस्कचा हा वेगळाच नखरा आहे. पहिले काही जीबी शंभरच्या स्पीडने जातात, मग अचानक पंधरा-वीस एमबी, कधी शून्य, मग परत थोडं. डिस्क बिघडली असं समजून बरेच जण केबल ओढतात. बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात, त्यात डेटाचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, कौलारू घराच्या कौलांसारखे. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ काढून परत लावावी लागते. म्हणून डिस्क आधी सगळं एका मोकळ्या जागेत पटापट घेते आणि ती जागा भरली की कौलं रचत बसते. त्या वेळात त्या डिस्कची खिडकी एक्सप्लोररमध्ये उघडी ठेवू नका, तीच अडकते आणि आपल्याला वाटतं मशीन अडकलं. मोठा माल दोन-तीन हप्त्यांत टाका, मध्ये अर्धा तास डिस्क नुसती जोडलेली राहू द्या.

लिनक्सवाले

थोडक्यात. आरसिंकच्या (लिनक्सची कॉपीची कमांड) आधी नाइस १९ (प्रोसेसरची प्रायॉरिटी) आणि आयोनाइसचा (डिस्कची प्रायॉरिटी) तिसरा क्लास, म्हणजे आयडल, लावा, पण डिस्कची रांग लावणारा शेड्युलर बीएफक्यू असेल तरच आयडलचा धड उपयोग होतो. नाहीतर आरसिंकलाच बीडब्ल्यूलिमिट (स्पीडची मर्यादा) द्या, ३०००० लिहिलं की साधारण तीस एमबी. आणि स्लो यूएसबी डिस्कवर लिहिताना सगळं मशीनच गोठत असेल तर कारण रॅममध्ये साचलेला न लिहिलेला माल आहे, डिफॉल्टला तो मोकळ्या रॅमच्या १० ते २० टक्क्यांपर्यंत साचू देतात, सोळा जीबीच्या मशीनवर तो गिगाबाइटच्या पुढे जातो आणि मग एकदम लिहायला निघतो. या साचण्याची मर्यादा, म्हणजे डर्टी बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी बॅकग्राऊंड बाइट्स ६४ एमबी करून बघा.

डीव्हीडी अजून मागतात

मागतात हो, विशेषतः घरातली मोठी माणसं, "अल्बमबरोबर सीडी द्या". १६ एक्सला राइटर सेकंदाला २२ एमबी मागतो आणि त्याचा स्वतःचा बफर बहुतेक वेळा २ एमबीचा असतो, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची शिदोरी. आपण त्या वेळी दुसरं काही उघडलं आणि डिस्क उडी मारायला गेली की शिदोरी संपली. २००० च्या आसपास बर्न प्रूफ वगैरे आलं, आता डिस्क वाया जात नाही, राइटर थांबून परत जोडून घेतो, पण सारखं थांबत-जोडत लिहिलेली डिस्क मला तरी गिऱ्हाइकाला द्यायला नको वाटते. म्हणून आधी आयएसओ इमेज बनवा, म्हणजे पुन्हा तेच, पुड्यांऐवजी डबा, आणि ४ किंवा ८ एक्सवर राइट करा. चारवर भरलेली डीव्हीडी चौदा-पंधरा मिनिटं घेते आणि तेवढ्यात साडेपाच एमबीच्या स्पीडला मशीन हूं की चूं करत नाही.

कुणाकडे अजून विंडोज एक्सपीचं डबडं असेल आणि राइट करताना माऊससुद्धा अडखळत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलचा (जुन्या डिस्क-राइटरची जोडणी) मोड बघा, पीआयओ (प्रत्येक बाइट प्रोसेसरनेच वाहायचा मोड) लिहिलं असेल तर तेच कारण, सहा वेळा एरर आली की एक्सपी डीएमए (प्रोसेसरला न गुंतवणारा फास्ट मोड) सोडत सोडत शेवटी तिथे उतरतो आणि आपणहून परत वर येत नाही. चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट मारा.

काढताना

कॉपीची खिडकी गेली म्हणजे लिहून झालं असं नाही, आधी डिस्कचा दिवा थांबू द्या आणि खाली उजवीकडून इजेक्ट करा. "वापरात आहे" म्हणाला तर बहुतेक वेळा एक्सप्लोररची खिडकी नाहीतर व्हिडिओ प्लेयर उघडा असतो. इजेक्ट करण्याआधी मी बॅकअप डिस्कवरूनच दोन फाइली उघडून बघतो, एक सगळ्यात मोठी आणि एक सगळ्यात शेवटी कॉपी झालेली, व्हिडिओ असेल तर शेवटच्या मिनिटावर नेऊन. मग डिस्कवर चिकटवलेल्या पट्टीवर पेन्सिलने तारीख.